बोर्डावरचं ओलं गोणपाट

पारोळ्यात सर्फबोर्ड असलेलं घर बहुधा आमचं एकटंच. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी रत्नागिरीकडे होते, तिथे बोर्डावर उभं राहून लाटांवरून घसरत यायचा नाद लागला. मग वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून बदली मागून जवळच्या एरंडोलच्या शाखेत आले. सामानाच्या टेम्पोत गादी आणि कपाटाच्या मधे बोर्डही आला. शेजारच्या भाऊंनी विचारलं, "हाई इस्तरीनं टेबल शे का?" मी हो म्हणून मोकळी झाले. भर उन्हात कोण समजावत बसणार!

तेव्हापासून समुद्र बंद. रविवार आला की मी मात्र सगळा पसारा काढून बसायची. पायाला बांधायची दोरी ताणून बघायची, कुठे चिरली नाही ना. बोर्डाच्या तळाच्या पाती सोडवायच्या, पुसायच्या, पुन्हा बसवायच्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायचं मेण फ्रिजमध्ये, कारण आमच्याकडे चैत्रातच त्याचं तूप होतं. त्याला नारळाचा वास येतो. एका पाहुणीनं वडी समजून तोडलं आणि भिडेखातर छान झालंय म्हणाली. मग बोर्डासकट सगळं त्याच्या लांबलचक पिशवीत भरायचं आणि पिशवी कोपऱ्यात. जिवाला नुसती तगमग. बाहेर कपाशीची काळी शेतं, आणि मी समुद्राचं सामान भरतेय.

आई दारातून बघायची. "बठ्ठं भरेल शे, मंग जास कसाले नही?"

"तुले एकटीले टाकीसन?" मी म्हणायची. ती पुन्हा स्वयंपाकघरात जायची. तिनं मला अडकवलंय असं कधीकधी वाटायचं, आणि तसं वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

उन्हाळा लागला तसा मी बोर्ड मागच्या खोलीत कुलरशेजारी आडवा ठेवला. त्याच्या मागच्या टोकाला टेम्पोत टवका उडाला होता, त्यावर टेप चिकटवली. आईला बजावलं, याला उष्णता सोसत नाही, फोड येतात. नंतर तिकडे फिरकलेच नाही. बोर्ड दिसला की जीव तुटायचा. दाराखालून पाणी आलेलं दिसायचं, पण मला वाटायचं कुलर गळतोय.

मे महिन्यात अखेर रजा मंजूर झाली. पावसात समुद्रात उतरता येत नाही, म्हणजे गेले तर आत्ताच, नाहीतर पुन्हा दिवाळीपर्यंत वाट बघा. धुळ्याची मावशी आईपाशी राहायला तयार झाली. निघायच्या आदल्या सकाळी बोर्ड भरायला गेले, तर त्याच्यावर ओलं गोणपाट, माठाला गुंडाळतात तसं. उचलला तर वजनानं हातच खाली गेले. टेप सुटली होती आणि टवक्यातून पाणी ठिबकत होतं. आतला फोम प्यायचं तेवढं प्यायला होता. असा बोर्ड पुरता वाळल्याशिवाय पाण्यात नेता येत नाही, आणि वाळायला आठवडे लागतात.

"माय, हाई काय करं तू?" मी ओरडलेच.

"ऊन सोसस नही त्याले, तूच बोलनी व्हती. रोज पाणी मारं मी." माझं तोंड बघून ती चिडली. "पाण्यानी वस्तू शे, पाणी पेई नही तं काय पेई?"

मी वाटेल ते बोलले. तिकीट फाडते म्हणाले, तिकीट फोनवर असूनही. तिनं गोणपाट दोरीवर वाळत टाकलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "तठे भाड्यानं भेटस नही का बोर्ड?"

भेटतो. हवे तेवढे भेटतात. हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

"भेटस," मी म्हणाले. "मावशी कव्हय येस?"

"तिले मी कालदिनच नको सांगं." तिनं माझी बोर्डाची रिकामी पिशवी पलंगावर पसरली आणि स्वतःच्या साड्या त्यात रचायला लागली, एकीशेजारी एक, लांबीला जागाच जागा होती. "मी बी येसू. समुद्र मी कोठे दखेल शे?"

जिच्यासाठी मी इतके दिवस अडकून बसले होते, तिला एकदाही 'चल' म्हटलं नव्हतं.