मामांच्या तोंडाची तपासणी

माझ्या नातीला वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी. शहाणपण मला निवृत्तीनंतर आलं. त्याआधी नुसता रुबाब होता.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मी पुरुष वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. दवाखाना तंबाखूमुक्त करायचं ठरलं आणि कर्मचाऱ्यांची तपासणी माझ्याकडे आली. ड्युटीवर येणाऱ्याचे खिसे बघायचे, तोंड उघडायला लावायचं, आणि तंबाखू सापडली की हजेरीच्या मशीनशेजारच्या फळ्यावर त्याचं नाव लिहायचं. कुणाच्या मोज्यात पुडी सापडली की मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं.

हा पराक्रम खालच्या मजल्यापुरताच. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं डॉक्टर लोक सिगारेट ओढायचे. तिकडं जायची वेळ आलीच तर मी जिन्यातच मोठ्यानं खोकायचे, म्हणजे त्यांना विझवायला सवड मिळावी. आणि मी स्वतः? रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून मिश्री लावायचे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून केलेली ती पूड, पण माझ्या लेखी ते दात घासणं. आई लावायची, आजी लावायची. त्यांना कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

वॉर्डात एक वॉर्डबॉय मामा होते. गडमुडशिंगीहून यायचे. जाडजूड पेशंटला लेकरागत अलगद उचलायचे, पण गालात कायम तंबाखू-सुपारीचा मावा. तीनदा त्यांचं नाव मी मोठ्या अक्षरात लिहिलं. चौथ्यांदा आलं असतं तर त्यांना साहेबांपुढं उभं राहावं लागणार होतं.

मग मामांकडं काही सापडेना. मी खूश. त्यांच्या डब्यात मात्र रोज दहीभात दिसायला लागला. कुणाच्या तरी बढतीचं जेवण होतं, तांबडा रस्सा होता, आणि मामांनी त्याला बोट लावलं नाही. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय मामा, रस्सा सोडून दहीभात? सासुरवाडी बदलली का काय?" सगळे हसले. मामाही हसले, तोंडापुढं हात धरून.

एका सकाळी मी त्यांना आ करायला लावलं. तोंड जेमतेम दीड बोट उघडलं. मी म्हटलं, नाटकं करू नका, नीट उघडा.

"एवढंच हुतंय, सिस्टर."

मी टॉर्च मारला. मावा नव्हता. वहीत त्यांच्या नावापुढं 'स्वच्छ' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. तीस वर्षं नोकरी झालेली. ज्याच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत त्याला त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडं पाठवायचं, हे मी शिकाऊ मुलींना बोटं दाखवून शिकवायचे. त्या दिवशी मला फक्त पुडी शोधायची होती.

सात-आठ महिन्यांनी त्यांचा गाल सुजला. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनात खालचा अर्धा जबडा गेला.

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बोलणं अडखळत होतं, पण कळत होतं. दुखत होतं तेव्हा मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. विचारायलाही धाडस लागतं. ते माझ्याकडं तेव्हाही भरपूर होतं.

"तुमाला दावलं असतं तर आदी फळ्यावर नाव आलं असतं की," मामा म्हणाले. आणि वर म्हणाले, "तुमची मिश्री समद्यास्नी ठाव हुती."

त्यांची बायको पेज गाळून घेऊन आली. वाटी त्यांच्या हातात देऊन माझ्यापाशी टेकली आणि हळूच म्हणाली, "सिस्टरबाई, आदी कळलं असतं तर वाचला असता का ओ जबडा?"

आयुष्यभर नातेवाइकांना 'काही सांगता येत नाही' असं सांगत आलेली बाई मी. त्या दिवशी खरं बोलायची हुक्की आली. बहुतेक वाचला असता, म्हटलं. तोंड उघडत नव्हतं ते मी बघितलं होतं, आणि तसंच सोडून दिलं.

ती उठून आत गेली. मला क्षणभर हलकं वाटलं, ते मामांकडं बघेपर्यंत.

"मला ठाव हुतं ते," ते म्हणाले. "तिला कशापायी सांगितलासा? आता ती रोज उठून त्येच काढून रडत बसंल."

आत भांडी वाजायची थांबली होती. आत जाऊन तिच्यापाशी बसावं की निघावं, मला कळेना. मामा भिंतीकडं तोंड करून पेज पीत राहिले.