उपाशी बाटली

आमच्या मोठ्या भाऊजींनी आयुष्यात एकही कार्य शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. लग्न असो, बारसं असो, साक्षगंध असो की मयत, ते सगळ्यांच्या आधी हजर असत आणि पाट मांडून झाले की गायब होत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत आहेत आणि त्यातही पाठमोरे, सेलूच्या मंगल कार्यालयाच्या दाराशी स्वतःच्या चपला शोधताना. नव्या पाहुण्यांना वाटे, जावई रुसला. मग माझी बहीण पदर सावरत पुढे व्हायची आणि गेली अठ्ठावीस वर्षं तोंडपाठ झालेलं वाक्य म्हणायची, "रुसले नाई हो. त्याईच्या पेशींची जेवायची वेळ झाली." पाहुणे अधिकच गोंधळायचे. आई मात्र स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची, "बह्याड जवाई भेटला माया पोरीले," आणि भाऊजींच्या वाटणीचे वडे डब्यात भरायला घ्यायची.

भाऊजी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेशी पाळतात. पाळतात हा शब्द त्यांचाच. प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेच्या कपाटात त्या राहतात आणि त्यांना दर दोन-तीन दिवसांनी ताजं पाणी द्यावं लागतं. दिवाळी असो की पोळा, पेशींना सुट्टी नाही, म्हणून भाऊजींनाही नाही. पाणी गुलाबी असलं की पोरं बरी आहेत, पिवळं पडलं की भुकेली आहेत, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की माझ्या हळदीच्या दिवशी नखशिखान्त पिवळा झालेला मी त्यांना बघवेना. अर्धा तास ते माझ्याभोवती कासावीस घुटमळले आणि शेवटी सरळ स्टेशनवर गेले.

त्यांच्या खिशात कायम स्पिरिटच्या फवाऱ्याची बाटली. घरात आले की आधी हातांवर फस्स, मग चहाच्या कपावर फस्स, मग खुर्चीच्या दांड्यावर. एका भाऊबीजेला बहीण मला ओवाळत असताना त्यांनी मागे उभं राहून हात फवारले आणि तसेच निरांजनावरून फिरवून डोळ्यांना लावायला गेले. मनगटावरचे केस त्या दिवशी गेले ते पुन्हा काही धड आले नाहीत. दुसरी खोड त्याहून विचित्र. उघड्या बाटलीवर बोललं तर थुंकीतले जंतू आत पडतात, म्हणून प्रयोगशाळेत ते झाकण काढलं की तोंड बंद करत. ही सवय घरीही आली. कुठल्याही पातेल्याचं झाकण उघडं असलं की भाऊजींचं वाक्य जिथल्या तिथे थांबायचं. आईला हे कळल्यापासून ती त्यांचं व्याख्यान लांबलं की वरणाचं झाकण काढून ठेवायची.

व्याख्यानाचा विषय ठरलेला, प्रोस्टेट. आमच्या घरी बायकापोरींसमोर हा शब्द आधी कोणी उच्चारत नसे, पण भाऊजींनी तो भेंडीच्या भाजीइतका साधा करून टाकला. पुरुषाच्या मूत्राशयाखाली सुपारीएवढी ग्रंथी, तिच्या कॅन्सरच्या पेशी पुरुषी हार्मोनवर जगतात. "पेशीच्या आत एक कुलूप असते," ते वाटी पुढे सरकवून सांगत. "हार्मोन म्हंजे किल्ली. किल्ली लागली का पेशी वाढते. किल्ली काढून घेतली का बसते मुकाट्यानं." म्हणून त्यांच्याकडे दोन बाटल्या होत्या. पहिलीतल्या पेशींना सगळं खायला. दुसरीच्या खाद्यात कोळशाची पूड ढवळायची, हार्मोन कोळशाला चिकटलं की कोळसा गाळून काढायचा आणि उरलेलं बिनहार्मोनचं खाणं द्यायचं. तिला आम्ही उपाशी बाटली म्हणत असू. सोमवारी आईचा उपास असला की बाबा विचारत, "जवाई, तुमच्या बाटलीनं साबुदाणा खाल्ला काय?" आणि स्वतःच हसत. सिंदीच्या बाजारात बाबांचं बी-बियाण्याचं दुकान, दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून बोलून त्यांना अशा चेष्टेची सवय होती.

मग बाबांनाच तो कॅन्सर झाला. कंबर दुखते म्हणून सहा महिने बाम चोळला, आणि कळलं तेव्हा हाडांत पोचलेला होता. मोठ्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी एक सुई सांगितली, शरीरातलं ते हार्मोन बंद करणारी. म्हणजे आता बाबा स्वतःच उपाशी बाटली झाले. पण आमच्या घराला रडणं फार वेळ जमत नाही. सुईनं बाबांना अंगातून वाफा यायला लागल्या. भर पौषात ते बनियनवर, पंखा पाचवर. आई शालीत गुरफटून त्यांच्यासमोर बसे आणि तिच्या चेहऱ्यावर वेगळंच समाधान असे. "पन्नाशीत मलेई असंच होत होतं तेव्हा काय म्हणत होते? ढोंग करून राह्यली म्हणे. आता करा ढोंग." बाबा म्हणत, "माफ कर माय, पण तो पंखा बंद करू नोको."

चार महिन्यांत रक्ताच्या तपासणीतला कॅन्सरचा आकडा धाडकन खाली आला, जवळजवळ शून्यावर. बाबा काठी टाकून दुकानात जायला लागले. आईनं गल्लीभर पेढे वाटले. भाऊजींनी रिपोर्ट पाहिला, घडी केली, पेढा घेतला आणि खाल्ला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. आईला ते फार लागलं. ती बहिणीला म्हणाली, "जगातल्या साऱ्याईच्या पेशी बऱ्या करते, सासऱ्याचं बरं झालेलं पाहावत नाई याले." मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी हट्ट धरला, मला तुमची बाटली दाखवा. मी त्यांना घेऊन गेलो. भाऊजींनी आम्हाला डोक्यापासून पायांपर्यंत कापडात गुंडाळलं, इतकं फवारलं की बाबा म्हणाले, कपाशीलाही आपण एवढं मारत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली आधी खातीपिती बाटली ठेवली. बाबांनी पाहिलं आणि मान डोलावली. मग दुसरी ठेवली. बाबा खूप वेळ पाहत राहिले.

"हे उपाशी हायेत ना?"

"हो, मामाजी."

"मंग दाट कशे झाले?"

भाऊजींना खोटं बोलता येत नाही. झाकण लागलेलंच होतं, तरी ते थोडा वेळ गप्प राहिले. "पयल्यांदा लय मेले. दोन-चार उरले. काहींनी कुलूपच असं करून घेतलं का किल्लीबिगर उघडं राहते. काही तं घरीच किल्ली बनवते. आठ महिने लागले त्याईले शिकायले."

बाबा सरळ झाले. त्यांनी वर्षानुवर्षं बीटी कपाशीचं बी विकलं होतं. पहिल्या हंगामांत बोंडअळी औषधालाही सापडत नव्हती आणि पुढे तीच अळी त्याच बोंडांत घर करून बसली, तेव्हा गावोगावचे लोक फोडलेली बोंडं तळहातावर घेऊन त्यांच्या काउंटरसमोर उभे राहिले होते. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"बोंडअळीवानी झालं म्हना," ते म्हणाले.

"तसंच."

"अन् मायावाली?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माहीत नाई, मामाजी. दोन वर्षं, तीन वर्षं. कोणाची लवकर शिकते, कोणाची उशिरा."

परतताना गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. वाटेतलं तुळजापूर स्टेशन गेल्यावर म्हणाले, "पोरगा इमानदार आहे. पेढा काऊन नाई खाल्ला, आता समजलं." मग म्हणाले, "तुया मायले सांगू नोको." मी सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही तिघं घरात चोरासारखे वागत होतो आणि आई सोमवार धरत होती.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आकडा वर सरकायला लागला. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, तो थोडा थांबला, पुन्हा चढला. बाबांची कंबर पुन्हा वाकली. त्या दिवसांत भाऊजी रोज यायचे, बाबांजवळ बसायचे आणि गाडीची वेळ झाली तरी उठायचे नाहीत. मला नवल वाटलं. एका संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला सांगितलं. मान खाली होती.

"मी आठ दिवस उपाशी बाटलीले हात नाई लावला."

"काऊन?"

"मरन म्हटलं. मले वाटलं, ते मेले तं... मामाजीचेही." माझी बहीण गुरुवार करते म्हणून तिची टिंगल करणारा हा माणूस. दोन वर्षांचा प्रयोग त्यांनी आपल्या हातानं वाया घालवला होता, अठ्ठावीस वर्षांतली त्यांची पहिली चूक.

"मंग मेले काय?"

"थोडे मेले. पाणी पिवळंजर्द झालं होतं. बाकीचे हायेत."

आयुष्य घालवून या माणसाला जे कळलं होतं त्याचा आमच्या घराला एवढाच उपयोग झाला, की जे होणार ते आम्हाला आधी कळलं. मला त्या क्षणी त्यांच्या विद्येचा राग आला आणि त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो फवारला नाही.

बाबा माघात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना वाफा येत नव्हत्या, थंडी वाजायची, आणि आई स्वतःची शाल त्यांच्यावर घालून शेजारी बसायची. आम्ही लपवलेलं तिला कधी आणि कसं कळलं ते मी विचारलं नाही.

तेरवीला अंगणात पंगत बसली. भाऊजी सकाळपासून होते. बाराच्या गाडीची वेळ झाली तशी माझी नजर सवयीनं चपलांकडे गेली. आईचीही गेली असावी. तिनं आतून डबा आणला, वडे भरलेला, झाकण घट्ट लावलेला, आणि वरणाची बादली घेऊन वाढणाऱ्या भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली.

"जवाई, तुमची गाडी जाईन. तिकडं वाट पाहत असन ना तुमच्या पेशी. जा तुमी, आम्ही पाहून घेतो."

एवढ्या वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच आपणहून जा म्हणत होती. भाऊजींनी डब्याकडे पाहिलं.

"राहू द्या, मामी," ते म्हणाले. "ते उपाशी राह्यले तरी मरत नाईत."

आई डबा धरून तशीच उभी राहिली. भाऊजी पुढच्या पानाकडे वळले. "घ्या, आणखी थोडं घ्या, मामाजीले वरण लय आवडे," असं ते प्रत्येकाला वाकून वाकून म्हणत होते, उघड्या बादलीवर, शेवटची पंगत उठेपर्यंत.