वाळलेली माती

पाळी जायला लागल्यापासून अंगातून अचानक गरम वाफांचा लोट उठायचा, म्हणून मी निसर्गोपचार केंद्रात जाऊ लागले. तिथल्या शांताताई पोटावर भिजवलेल्या मातीची गार पट्टी ठेवत. एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी पट्टी असतानाच तो लोट आला. पोट, छाती, मान, कपाळ पेटलं. ताईंनी पट्टी उचलली, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईची माती अजून ओलीगच्च आणि माझ्या मातीला कडेनं भेगा!

मी ओशाळले.

"अहो, लाजताय काय? वापरलेली माती आम्ही गच्चीवर उन्हात वाळवतो. तुमची इथंच वाळली की!"

एक ढेकूळ मी हातात घेतलं. चांगलं कोमट होतं. ज्या देहाला मी विझत आलेला समजत होते, त्याच्यात गच्चीवरचं ऊन होतं.