खारवणाची फ्रेंच बरणी

आज कुवेतमधल्या मंगफच्या घरात सूनबाईने लिंबाच्या लोणच्याची तपकिरी बरणी उघडली आणि त्या आंबट वासाबरोबर मी हवल्लीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचलो.

ही बरणी मला एका फ्रेंच सहकाऱ्याने दिली होती. त्याचे वडील खेड्यातले कुंभार, बरणी त्यांनीच घडवलेली. पेटत्या भट्टीत मीठ टाकून आणलेली तिची झिलई हाताला संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत लागते. एकदा ते वडील मुलाकडे कुवेतला आले तेव्हा आमच्याकडे जेवले. आपल्या बरणीत लोणचं बघून म्हातारा खुलला, मुलाशी काही बोलला. मुलाने मला हसत इंग्रजीत सांगितलं, "आमची आई हिच्यात हिवाळ्यासाठी डुकराचं मांस खारवायची."

माझी बायको सुमन अंड्यालाही न शिवणारी. तिने विचारलं, "अहो, काय म्हणतायत?"

"त्यांच्याकडेही हिच्यात लोणचंच घालायचे म्हणे."

"बघा! बायका सगळीकडे सारख्याच," म्हणत तिने बरणीला हात लावून नमस्कार केला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पाहुण्यांसमोर वेळ निभावली म्हणून मी मात्र खूश होतो.

नंतर सांगू, असं म्हणत राहिलो. ती जाईपर्यंत देवाच्या प्रत्येक नैवेद्यात तिने हेच लोणचं वाढलं.

आज तिचं वर्षश्राद्ध. सूनबाई म्हणाली, "बाबा, आईंच्या पानात त्यांच्याच बरणीतलं लोणचं वाढते हं."

मी पान मागे ओढलं. "नको गं," म्हणालो, आणि का नको ते पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं.