गोकुळनं नापास केलेला नकाशा

सुलतानपुरात कोणालेही विचारा, गोकुळ कोणाचा भाऊ. माहा, शेषरावचा. मी दहावी नापास, पण माह्या भावापासून पुण्याची कंपनी वेबसाइटी तपासून घे. आंधळ्या माणसाले त्या वापरता येतात का नाही, हे तो पाहे. पाहे म्हंजे ऐके. स्क्रीन बंद, बोटं बटनांवर, अन् कम्प्युटर कानात इतका भरभर बोले का मले एक शब्द समजे नाही. पुऱ्या तालुक्यात असा दुसरा दाखवा.

त्याचे डोळे कपाशीनं नेले. बियाणं बीटीचं होतं, तरी अळी बोंडात शिरली. मंग आम्ही औषधावर औषध मारलं. वारं फिरलं अन् सारं त्याच्या तोंडावर आलं.

मांगच्या साली बोंडअळीच्या नुकसानीचा अर्ज भरायची वेबसाइट त्याच्याकडे तपासाले आली. सगळं जमलं, एका जागी अडलं. नकाशावर आपलं वावर दाबा, असं होतं. नकाशा बोलेच ना. मी म्हटलं, सरक, मी दाबतो, मले काय वावर दिसत नाही?

"हात नको लावू, दादा. तुह्या डोळ्यानं झालं तर ते पास कसं?"

कंपनीच्या साहेबाचा फोन आला. घरच्यापासून दाबून घे अन् पास लिही म्हणे, नाही तर पुढचं काम विसर. माह्या बायकोनं, कोकिळानं, लय समजावलं. घरात महिन्याचा पगार तेवढाच होता. गोकुळनं नापास लिहिलं.

वेबसाइट तशीच सुरू झाली. गोकुळचं काम बंद झालं.

मंग एक दिवस गावातला पंजाबराव काठी टेकत आला. गोकुळचे गेले त्याच साली त्याचेही डोळे फवारणीतच गेले. म्हणे, माह्याकडून काही होत नाही, तुलेच जमते, माहा अर्ज भरून दे. गोकुळ भरत गेला. नकाशापाशी त्याची बोटं थांबली.

"काऊन थांबला बे?" पंजाबराव म्हणे.

गोकुळनं खुर्ची मांगं सरकवली.

"दाब, दादा," म्हणे. "आता कोणी तपासून नाही राह्यलं."

मी स्क्रीन चालू केली. पंजाबरावचं वावर दाबलं. नकाशातला फोटो कधीचा कोण जाणे, वावर हिरवंगार दिसत होतं. दोघंही कान देऊन बसले होते. मी त्याइले ते सांगितलं नाही.