मालिपुओची बढती

लेसोथोच्या सैन्याला आरमार नाही, कारण समुद्रच नाही. देशाला चारही बाजूंनी एकाच शेजाऱ्याने वेढलंय, त्यामुळे लढाईला बाहेर पडायचं तर त्याच शेजाऱ्याकडून पासपोर्टवर शिक्का मारून घ्यावा लागेल. तेव्हा सैन्याने संचलन करावं, बूट चमकवावेत आणि थंडीत कुडकुडावं, हे ओघानेच आलं. आणि संचलन म्हटलं की डोंगरातल्या आमच्या छावणीत एकच नाव, स्टाफ सार्जंट मालिपुओ.

बाईचा आवाज असा की तिने "सावधान" म्हटलं की पलीकडच्या डोंगरावरच्या शेळ्याही थबकायच्या. हा आवाज सैन्यात आणला तो तिच्या सासऱ्याने. नवरा खाणीत छत कोसळून गेला, तेव्हा दिरांनी ठरवलं की धाकट्याने तिला ठेवून घ्यावं. म्हातारा म्हणाला, "धाकट्याला स्वतःची पँट सांभाळता येत नाही, बायको काय सांभाळणार? हिला सैन्यात जाऊ दे. हा आवाज शेळ्यांवर वाया चाललाय." त्याने स्वतः तिला भरतीला नेलं, आणि तिची दोन्ही पोरं बावीस वर्षं सांभाळली. शिव्या घालत सांभाळली, पण सांभाळली.

म्हाताऱ्याचं नाव खोत्सो. आणि आमच्याकडची रीत अशी की सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, मग ते दुसऱ्या कशाचंही नाव का असेना. त्याला नुसतं न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचं. आता खोत्सो म्हणजे शांती. आमच्याकडे लोक भेटले की हेच म्हणतात, आणि प्रत्येक सभेच्या शेवटी आरोळी उठते: "खोत्सो! पुला! नाला!" शांती, पाऊस, सुबत्ता. बिचारी मालिपुओ बावीस वर्षं त्या जागी "बोरोको" म्हणत आली. बोरोको म्हणजे झोप. घरात, बाजारात, चर्चमध्ये, तिच्यापुरती शांतीची झोप झाली होती. संचलनात शेवटची आरोळी सार्जंट मेजर द्यायचा, ही मागे उभी राहून नुसते ओठ हलवायची.

सार्जंट मेजर निवृत्त झाला. नवा कर्नल म्हणाला, "यंदाचं संचलन तू घे. आरोळीही तूच द्यायची. नीट पार पडलं तर सार्जंट मेजरचं पद तुझं." या छावणीत त्या पदावर बाई कधीच बसली नव्हती. मालिपुओला ते हवं होतं. मनापासून हवं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तीन आठवडे ती ओढ्याकाठी एकटी जाऊन तो शब्द खडकांना ऐकवत होती. चौथ्या आठवड्यात तो नीट बाहेर पडायला लागला.

संचलनाच्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. पाचशे बूट एकदम पडत होते, पाहुणे माना डोलवत होते. आरोळीची वेळ आली, मालिपुओने छाती भरून श्वास घेतला, आणि बघ्यांच्या पहिल्या रांगेत म्हातारा दिसला. झेंड्यासाठी टोपी काढून, घोंगडी सावरत, ताठ उभा होता.

"बोरोको!" मालिपुओ गरजली.

सैनिकाला विचार करायला शिकवत नाहीत. सगळ्या तुकडीने छाती फुगवून प्रतिसाद दिला, "बोरोको!"

देशाच्या सैन्याने पाहुण्यांसमोर एकमुखाने झोप मागितली. एक मंत्री टाळ्या वाजवायला लागला होता, तो मध्येच थांबला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "खरं बोलले मेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलने मालिपुओला बोलावलं. पाठोपाठ म्हातारा आला, पहारेकऱ्याला काठीने बाजूला सारत.

"चूक माझ्या नावाची आहे, साहेब," तो म्हणाला, "सुनेची नाही."

कर्नल माणूस वाईट नव्हता. त्याने बढतीचा कागद पुढे ओढला. "हे बघ मालिपुओ, हिवाळ्यात पुन्हा पाहुणे येतील. मला खात्री हवी. आत्ता, इथे, एकदा तो शब्द म्हण. मी सही करतो."

"म्हण गं," म्हातारा म्हणाला. "मी परवानगी देतो. पोलिसांनी माझं नाव घेतलं, दारूवालीने घेतलं, तू घेतलंस तर झिजणार नाही."

मालिपुओ सावधान उभी राहिली. तोंड उघडलं. खडकांपुढे आलेला शब्द अगदी ओठांवर होता. तिने तोंड मिटलं.

"तुमची परवानगी आहे, न्ताते," ती म्हणाली. "माझी नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याच्या बदल्यात मी आजवर एवढं एकच देऊ शकले. ते सहीसाठी विकणार नाही."

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. कर्नलने कागद खणात टाकला. पद पुढे एका किरट्या आवाजाच्या सार्जंटला मिळालं. त्याचं "सावधान" शेळ्यांना तर सोडाच, तिसऱ्या रांगेलाही ऐकू जात नाही.

बाहेर पडल्यावर म्हातारा म्हणाला, "मूर्ख आहेस."

"हो, न्ताते."

"बावीस वर्षं सैन्यात राहून साधा हुकूम पाळता येत नाही."

"नाही, न्ताते."

दोघं फाटकाशी आली. फाटकावरचा सैनिक मालिपुओकडे बघून फिदीफिदी हसत होता. म्हातारा त्याच्यापुढे थांबला.

"सलाम कर," तो म्हणाला. "मेजर चालल्यात."