पाचवा टायर

सौदीतल्या डोंगरावरच्या खमीस मुशैतच्या आमच्या इमारतीतून कोणाचीही गाडी लांब निघाली, की इब्राहिमभाई जिना उतरून खाली यायचे आणि एकेका टायरवर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. त्या हाताला काय कळत होतं, देव जाणे. चारी टायर झाले की ते डिकी उघडायला लावायचे, बांधलेलं सामान उपसायला लावायचे आणि तळाच्या स्टेपनीवरही हात ठेवायचे. कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, "चार टायर गाडीचे, पाचवा आपला. तो बघितल्याबिगर निघायचा नाय."

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. इथे बांधकामाच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होते. बायको-मुलं गावी, त्यामुळे काळजी करायला जवळ आम्हीच होतो. गॅस बंद केलास का, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत कधी संपते, छातीत दुखतंय ते पित्ताचंच ना, असं सगळं त्यांना पडलेलं असे. एवढा धसका घेणाऱ्या माणसाच्या मागे एखादा अपघात असणार, असं मला वाटायचं. एकदा चहा पिताना विचारलं, तर म्हणाले, "नाय रे. आजपर्यंत काय सुद्धा झाला नाय. म्हणून तर धाकधूक. कधी ना कधी होणार ना?"

माझी बायको रोहिणी तेव्हा जिझानच्या एका इस्पितळात नर्स होती आणि मी खमीसमध्ये लॅबमध्ये. दर सुट्टीला मी घाट उतरून तिच्याकडे जायचो. वर हुडहुडी भरवणारं धुकं, खाली समुद्राकाठी अंगाला चिकटणारी गरमी. एकाच दिवसात स्वेटर चढवायचा आणि उतरवायचा. ती आठव्या महिन्यात रजा घेऊन बाळंतपणासाठी खमीसला यायची होती, आणि मी तिला आणायला जाणार होतो. इब्राहिमभाईंची त्या आठवड्यात झोप उडाली.

कारण मार्चमध्ये आमच्याकडे गारांनी कहर केला होता. रस्ते पांढरे झाले, गाड्या घसरून दुभाजकावर चढल्या. माझे टायर झिजले होते, बदलायचे होतेच. भाईंनी कुठूनसे, मायदेशी निघालेल्या एका तुर्की इंजिनियरकडून बर्फात चालवायचे टायर मिळवले आणि माझ्या गाडीला बसवून टाकले. खोल खाचा, मऊ रबर. दाबून दाखवत म्हणाले, "बघ, कसा लोण्यासारखा आहे. असा टायर रस्ता सोडत नाय. आपली बाय यायची आहे ह्या गाडीतून." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की जुने टायर कधी भंगारात गेले, मी विचारलंही नाही.

घाट उतरताना गाडी खरोखर रस्त्याला धरून होती. मी मनात भाईंची पाठ थोपटली. जिझानला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी रोहिणीला घेऊन निघालो. ऊन चढलं तशी गाडी बदलली. ब्रेक लावला की शेपूट हलवायची. जळक्या रबराचा वास यायला लागला. रोहिणी पोटावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "सुहास, हळू. मला बरं वाटत नाहीये." मी पेट्रोल पंपावर गाडी घेतली आणि उतरून पाहिलं. मागच्या टायरचे काठ सोलवटले होते, रबराच्या चिंध्या लोंबत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. भाई होते. "कुठं आहेस? हात ठेव टायरवर." मी ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. "तिथनं हलू नको. मी आलो."

झालं होतं असं. भाई मोठ्या अभिमानाने एका टायरवाल्याला सांगायला गेले की आमच्या सुहासला बर्फाचे टायर बसवून दिले. त्याने विचारलं, "गया किधर?" भाई म्हणाले, "जिझान." टायरवाल्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "चाचा, ये टायर ठंडी का है. नीचे की गर्मी में फट जाएगा."

आम्ही पंपाच्या दुकानात थांबलो. रोहिणीच्या पोटात मधूनमधून ओढ बसत होती. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, पण तिनेही माझा हात सोडला नाही. इथेच कळा सुरू झाल्या तर? मी नास्तिक माणूस, पण त्या दुपारी येईल त्या देवाला नवस बोललो.

भाई आले ते एका पिकअपमधून. मागे पाच चाकं, रिमसकट. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या. भाईंनी स्वतःची गाडी ठोकळ्यांवर उभी करून चारी चाकं काढली होती, आणि वर स्टेपनीही आणली होती. आम्ही चाकं बदलली. भाई रोहिणीकडे बघेनात. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "चूक झाली, बाय. मी वरचा गारठाच बघितला. खालचा उन्हाळा ध्यानातच आला नाय."

आणि घाट चढलो तर वर गारा! भाईंचा पिकअप पुढे, दिवे लुकलुकवत, बैलगाडीच्या चालीने. आम्ही त्याच्या मागे, साध्या टायरांवर, श्वास रोखून. पोहोचलो. पुढे तीन आठवड्यांनी, दिवसांच्या थोडी आधीच, मुलगी झाली, सुखरूप.

पण भाई बदलले. कोणाची गाडी निघाली तरी त्यांचं दार उघडेना. मी हाक मारली तर आतूनच म्हणाले, "माझ्या हाताचा काय खरा नाय." आधी वैतागणारे शेजारीसुद्धा गाडी सुरू करून उगाच जिन्याकडे बघत राहायचे. मला तर चैन पडेना.

रोहिणीची रजा संपली, जिझानला परतायचा दिवस आला. ती मुलीला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाईंनी हात ठेवल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही!" बऱ्याच वेळाने भाई उतरले. चार टायर झाले. मग मुलीकडे बघून हळूच म्हणाले, "डिकी उघड."

मागच्या वर्षी ते नोकरी संपवून कायमचे गावी परतले. विमानतळाच्या टॅक्सीभोवती आम्ही सगळे जमलो होतो. मी वाकलो आणि एकेका टायरवर तळहात ठेवला. काय बघायचं असतं ते मला आजही माहीत नाही. चौथा झाला, मी उभा राहिलो, दार लावायला गेलो. टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. भाईंनी काच खाली केली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच.

"आणि पाचवा?"

आम्ही त्यांच्या चारही बॅगा डिकीतून पुन्हा खाली उतरवल्या.